घरच्या रीफ टँकमधला ॲनिमोन: खाऊ घालणं आणि वाढवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ॲनिमोन हा दगडावर किंवा वाळूत पाय रोवून राहणारा, तंतूंनी भक्ष्य पकडणारा समुद्री प्राणी. घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, सगळ्यात जास्त पाळला जातो तो बबल टिप ॲनिमोन, शास्त्रीय नावाने एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. खालची बहुतेक उत्तरं त्यालाच धरून आहेत. कार्पेट, मॅग्निफिका, सेबे या इतर ॲनिमोनचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

ॲनिमोन लाइटवर जगतो म्हणतात. मग त्याला खायला द्यायची गरजच काय?

त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात साखर आणि स्निग्ध पदार्थ तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. दिवसभराची ऊर्जा त्यातून भागते. पण नुसत्या साखरेवर मांस चढत नाही. नवीन पेशी बनवायला नायट्रोजन, फॉस्फरस, प्रथिनं लागतात आणि ती शिकारीतून, प्लवकांतून आणि आसपासच्या माशांच्या विष्ठेतून येतात.

म्हणून चांगला लाइट आणि भरपूर मासे असलेल्या टँकमध्ये हाताने काहीही न भरवता ॲनिमोन वर्षानुवर्षं राहू शकतो. फक्त वाढ हळू होते. उलटं मात्र जमत नाही. लाइट कमी आहे म्हणून जास्त खायला घालून भागवू, हा हिशेब चालत नाही. भरवलेला पण अंधारात ठेवलेला ॲनिमोन काही महिने तग धरतो, मग फिका पडत जातो.

किती वेळा भरवायचं?

रुळलेल्या बबल टिपला आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. कार्पेट आणि मॅग्निफिकालाही साधारण तितकंच, घास जरा मोठा. नुकत्याच विभागलेल्या, नाण्याएवढ्या पिल्लाला मायसिसचे (कोळंबीसारखा बारीक जीव) एक-दोन कण आठवड्यातून दोन-तीनदा दिले की ते झपाट्याने सावरतं.

नवा आणलेला ॲनिमोन पाय रोवून पूर्ण उघडेपर्यंत काहीही देऊ नका. दुकानातून आणल्या दिवशीच कोळंबी पुढे करायचा मोह फार जणांना होतो. प्रवासाने थकलेला प्राणी ती घेतोही, आणि दुसऱ्या दिवशी ओकून टाकतो.

घास केवढा असावा?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

घास तोंडापेक्षा लहान हवा. इथे तोंड म्हणजे ॲनिमोन शांत असताना वरच्या, तंतूंनी वेढलेल्या चकतीच्या मधोमध दिसणारी फट. खाताना ते तोंड कितीतरी ताणलं जातं, ते माप धरू नका. पसरल्यावर २० सेंटिमीटर दिसणाऱ्या बबल टिपला वाटाण्याएवढा तुकडा पुरे.

ॲनिमोन अख्खा मासाही गिळतो. समुद्रात मिळालं तर सोडायचं नाही, हा त्याचा स्वभाव. पण गिळणं वेगळं आणि पचवणं वेगळं. त्याच्या पोटात आतल्या पडद्यांच्या कडांना बारीक धागे असतात. ते घासाला चिकटतात, पाचक रस सोडतात आणि बाहेरून आत असं हळूहळू मांस विरघळवतात. तुकडा मोठा असला की मधला भाग रसांपर्यंत पोचायच्या आतच सडू लागतो. मग एक-दोन दिवसांनी शेंबडासारख्या द्रवात लपेटलेला, अर्धवट पचलेला, कुबट वासाचा गोळा बाहेर पडतो. त्यात ॲनिमोनचे रस वाया गेले, चिकट द्रव बनवण्यात शक्ती गेली, वर टँकमध्ये कुजकं मांस सुटलं. भरवूनही तो तोट्यातच राहिला.

अख्खे सिल्व्हरसाइड मासे द्या, असा सल्ला जुन्या जाणत्यांकडून अजून ऐकू येतो. द्यायचेच तर कापून, आणि तेही अधूनमधून. अख्खा मासा तंतूंमध्ये नाहीसा होताना बघायला मजा येते हे खरं, पण ती मजा आपली असते. बबल टिप वाढतो तो लहान, नियमित घासांवर.

काय द्यावं, काय देऊ नये?

फ्रोझन मायसिस हा सगळ्यात सोपा पर्याय. त्याखेरीज कच्च्या, सोललेल्या कोळंबीचे तुकडे, शिंपल्यांचं मांस, माकूळ आणि समुद्री माशाचं मांस. एकाच प्रकारावर वर्षभर काढू नका. आलटून पालटून दिलं की उणिवा आपोआप भरून निघतात. फ्रोझन खाद्य आधी वाटीत टँकच्या पाण्यात वितळवा, सुटलेलं पाणी गाळून फेका आणि मगच द्या. त्या पाण्यात फॉस्फेट असतं. विटॅमिनच्या थेंबांत पाच-दहा मिनिटं भिजवलं तर चांगलंच.

मोठ्या ब्राइन श्रिंपमध्ये पोषण बेताचंच असतं. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं मात्र लहान ॲनिमोनसाठी उत्तम. समुद्री माशांच्या गोळ्या भिजवून दिल्या तर बरेच ॲनिमोन त्या घेतात.

शिजवलेलं, खारवलेलं किंवा मसाला लावलेलं काहीही नको. कोंबडी-बकऱ्याचं मांस नको, कारण त्यातली चरबी समुद्री प्राण्याच्या उपयोगाची नाही. गोड्या पाण्यातले जिवंत मासे शिकारीसाठी सोडणं ही क्रूर आणि निरुपयोगी करमणूक आहे.

भरवायची पद्धत काय?

वेव्हमेकर आणि रिटर्न पंप (टँकमधलं पाणी हलवणारे आणि फिरवणारे पंप) बंद करा. लांब चिमट्याने किंवा पिपेटने घास तंतूंवर अलगद ठेवा, तोंडात कोंबू नका. तंतू चिकटतील, घासाभोवती मिटतील आणि चकती आत वळेल. तंतूंनी आधी ओळखावं आणि मग तोंडाने उघडावं, हा त्याचा क्रम आहे. दहा-पंधरा मिनिटांत घास आत गेला की पंप सुरू करा. पंप परत लावायला विसरू नये म्हणून फोनवर गजर लावलेला बरा.

खरी डोकेदुखी चोरांची. क्लीनर आणि पेपरमिंट श्रिंप, हर्मिट खेकडे हे ॲनिमोनच्या तोंडात हात घालून घास ओढून नेतात. या ओढाताणीत आतले नाजूक धागे फाटू शकतात. आधी दुसऱ्या कोपऱ्यात श्रिंपचं पोट भरा. तरीही ऐकत नसतील तर प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून ॲनिमोनवर घुमटासारखा ठेवा, वरच्या तोंडातून घास आत सोडा आणि गिळून होईपर्यंत तसाच राहू द्या.

घास ठेवला तरी पकडत नाही. काय करू?

घास काढून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. पोट भरलेला ॲनिमोन तंतू चिकट ठेवत नाही, त्यात काळजीचं काही नाही. पण आठवडाभर तंतू निसटते, अंग लुळं आणि तोंड सैल दिसत असेल तर प्रश्न पाण्याचा किंवा प्रकाशाचा आहे. खारेपणा मोजून बघा, आणि त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) कॅलिब्रेट करा, म्हणजे ते बरोबर दाखवतंय याची खात्री करून घ्या. चुकीच्या मीटरवर विसंबून महिनोन्महिने कमी खाऱ्या पाण्यात ठेवलेले ॲनिमोन खूप असतात. जबरदस्तीने भरवून मात्र आजवर कुठला ॲनिमोन सुधारलेला नाही.

फायटोप्लँक्टन, अमिनो ॲसिड, कोरल फूड यांचा उपयोग होतो का?

फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, हे बबल टिपचं किंवा कार्पेटचं अन्न नाही. विरघळलेली अमिनो आम्लं ॲनिमोन त्वचेतून शोषतो, पण मासे असलेल्या टँकमध्ये ती वेगळी घालावी लागत नाहीत. पैसे मायसिसवर खर्च करा.

अचानक आक्रसला आणि तोंडातून तपकिरी लाळेचे धागे टाकले. आजारी आहे का?

बहुधा नाही. ॲनिमोनला खायला आणि विष्ठा टाकायला एकच तोंड असतं. जुनं पाणी, पचनाचा गाळ आणि जास्तीचं शैवाल बाहेर टाकण्यासाठी तो अधूनमधून पूर्ण रिकामा होतो, तास-दोन तास मुठीएवढा गोळा होऊन बसतो आणि मग ताजं पाणी भरून पुन्हा फुलतो. आठवड्यातून एखाद्या वेळी असं झालं तर दुर्लक्ष करा. रोज होत असेल, किंवा फुलल्यावरही तोंड उघडंच राहत असेल, तर पाणी तपासा.

पाणी आणि लाइट कसा हवा?

तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस, खारेपणा ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची क्षमता) ८ ते ११ डीकेएच. ॲनिमोनला सांगाडा नसतो, म्हणून कॅल्शियमची त्याला कोरलइतकी फिकीर नाही. नायट्रेट शून्यावर नेऊ नका. २ ते १० पीपीएम नायट्रेट आणि थोडंसं फॉस्फेट असलेल्या पाण्यात ॲनिमोन भरदार दिसतो. चकचकीत, निर्जंतुक टँकमध्ये तो उपाशी राहतो.

आकड्यांपेक्षा स्थिरता महत्त्वाची. म्हणून टँक किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर चाललेला हवा. ऑटो टॉप-ऑफ (आटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय) नसेल तर बाष्पीभवनाने खारेपणा रोज वर-खाली होतो आणि ॲनिमोनला ते सोसत नाही. तांबं मिसळलेलं कुठलंही औषध टँकमध्ये जाता कामा नये. ते त्याच्यासाठी जहर आहे.

लाइट पार (PAR) मीटरवर, म्हणजे शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, मोजता आला तर बबल टिपसाठी साधारण १५० ते ३००. मॅग्निफिका आणि जायगँटिया कार्पेटला त्याहून बराच जास्त लागतो. नवा ॲनिमोन एकदम भर लाइटखाली ठेवू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

वाढतोय हे ओळखायचं कसं? कधी ताटाएवढा दिसतो, कधी वाटीएवढा.

ॲनिमोनचा आकार पाण्यावर असतो. शरीरात हाड नाही, पोकळीत भरलेल्या पाण्याच्या दाबावर तो उभा राहतो. फुग्यात हवा किती भरली यावरून रबर वाढलं की नाही हे कळत नाही, तसंच हे. लाइट कमी असला तर तो प्रकाश गोळा करायला मुद्दाम जास्त पसरतो. त्यामुळे ‘केवढा मोठा झालाय!’ असं वाटतं तेव्हा कधीकधी तो उलट अडचणीत असतो.

त्याऐवजी पाय बघा. काचेवर किंवा दिसेल अशा दगडावर चिकटला असेल तर तळव्याची रुंदी मोजा. तंतूंची संख्या आणि जाडी, कडेला नवे छोटे तंतू फुटताहेत का, रंग दाट आहे का, ही खरी लक्षणं. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच कोनातून फोटो काढून ठेवला तर स्मरणशक्तीवर विसंबावं लागत नाही.

उपाशी ॲनिमोन नुसता बारीक होत नाही, तो खरोखर लहान होतो. स्वतःच्याच पेशी वापरत आकार कमी करत जातो आणि असा महिनोन्महिने जगतो. वर्षभरापूर्वीपेक्षा लहान झालेला पण ‘ठीक दिसणारा’ ॲनिमोन ठीक नसतो.

पूर्ण वाढ म्हणजे केवढा?

बबल टिप साधारण ३० सेंटिमीटर. हॅडोनी आणि जायगँटिया कार्पेट अर्धा मीटर किंवा जास्त. मॅग्निफिका आणि मर्टेन्सी समुद्रात मीटरभर होतात. लहान टँक असेल तर बबल टिप, मिनी कार्पेट किंवा रॉक फ्लॉवर ॲनिमोन यांतूनच निवडा. रॉक फ्लॉवर फार फिरत नाही आणि बारीक मायसिसवर खूश असतो, फक्त ॲनिमोनमध्ये घर करणारे क्लाउनफिश त्यात सहसा राहत नाहीत.

किती वर्षं जगतो?

म्हातारपण म्हणजे काय हे ॲनिमोनला फारसं ठाऊक नसावं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून जॉन डॅलियल या निसर्ग-अभ्यासकाने १८२८ मध्ये एक ॲनिमोन घरी आणला. ‘ग्रॅनी’ या नावाने तो प्रसिद्ध झाला, डॅलियलच्याही पश्चात काचेच्या बरणीत जगला आणि १८८७ मध्ये मेला. तो थंड पाण्यातला, झूझँथेली नसलेला, वेगळ्याच जातीचा होता. पण पंप, हीटर, स्किमर यांतलं काहीही नसताना एकोणसाठ वर्षं. घरच्या टँकमध्ये ॲनिमोन वर्षभरात गेला तर कारण त्याचं वय नसतं.

क्लाउनफिश असले तर ॲनिमोन जास्त वाढतो का?

हो, आणि याला चांगला पुरावा आहे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरिया बेटाजवळ मॅग्निफिका ॲनिमोनवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लाउनफिश असलेले ॲनिमोन जास्त वाढले, जास्त विभागले आणि जास्त तगले. माशांनी सोडलेला अमोनिया शैवालाला खत म्हणून मिळतो. फुलपाखरी मासे तंतू कुरतडायला येतात त्यांना क्लाउनफिश हुसकावतात. शिवाय रात्री शैवाल ऑक्सिजन बनवत नाही तेव्हा क्लाउनफिश तंतूंमध्ये हालचाल करत राहतात आणि ताजं पाणी आत खेळवतात. हे २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं.

टँकमध्ये क्लाउनफिश गोळ्या आणि मायसिसही तंतूंत नेऊन टाकतात, म्हणजे भरवायचं अर्धं काम तेच करतात. मात्र ॲनिमोन लहान आणि क्लाउनफिश मोठा, अशी जोडी नको. मरून क्लाउनसारखा दांडगा मासा तळहाताएवढ्या ॲनिमोनला दिवसभर घुसळून बेजार करतो. ऑसेलॅरिस हा क्लाउनफिश निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही, टँकमध्ये बहुतेक वेळा राहतो. हॅचरीत जन्मलेल्या माशांना ॲनिमोन ओळखायला आठवडे, कधी महिने लागतात आणि काही कधीच जात नाहीत. त्यावर उपाय नाही.

एकाचे दोन झाले! हे चांगलं की वाईट?

दोन्ही असू शकतं. बबल टिप उभा चिरत जाऊन दोन होतो. दोन्ही अर्धे जनुकांनी तंतोतंत एक असतात. भरपूर खाऊन मोठा झालेला विभागतो, आणि पाणी अचानक बदललं, लाइट बदलला, पाय दुखावला की घाबरूनही विभागतो. विभागण्याआधी तो भरदार होता आणि नंतर दोन्ही तुकडे आठवड्यात फुलले, तर आनंद माना. वारंवार विभागून तुकडे लहान-लहानच होत असतील तर कुठेतरी ताण आहे. जखम भरेपर्यंत, म्हणजे तोंड पुन्हा गोल दिसेपर्यंत भरवू नका.

कार्पेट ॲनिमोनच्या हॅडोनी, जायगँटिया या जाती आणि सेबे अशा विभागत नाहीत. त्यांची वाट बघू नका.

पातं घेऊन मीच कापला तर?

धारदार पात्याने तोंडाच्या मधून सरळ कापला, दोन्ही भागांना तोंड आणि पाय यांचा वाटा मिळाला, पाणी उत्तम असलं, तर मोठा निरोगी बबल टिप एक-दोन आठवड्यांत भरून येतो. विक्रीसाठी वाढवणारे हे करतात. घरी एकच ॲनिमोन असेल तर माझं मत: करू नका. चांगलं भरवा, तो स्वतः विभागेल. कार्पेट किंवा मॅग्निफिकाला तर पातं लावूच नका.

दुकानात पांढरा शुभ्र किंवा भडक पिवळा ॲनिमोन मिळाला. घेऊ का?

पांढरा म्हणजे शैवाल गमावलेला, म्हणजे उपाशी. भडक पिवळा, गुलाबी किंवा एकसारखा जांभळा दिसणारा सेबे बऱ्याचदा रंगवलेला असतो. अनुभव नसेल तर घेऊ नका.

स्वतःचाच पांढरा पडला असेल तर त्याची एरवीची मुख्य कमाई बंद झाली आहे आणि आता तो फक्त घासांवर जगणार. अशा वेळी नेहमीचा नियम मोडा. रोज किंवा एक दिवसाआड अगदी बारीक मायसिस द्या, घासाची वाढ नको, वेळा वाढवा. लाइट मध्यम ठेवा. रंग परत यायला काही महिने लागतात, आणि तो आधी चकतीवर हलक्या तपकिरी झाकेसारखा दिसू लागतो.

जागेवर बसतच नाही, टँकभर फिरतो.

त्याला प्रवाह, लाइट किंवा पाय रोवायची जागा आवडलेली नाही. बबल टिपला पाय आत खोल घालता येईल अशी दगडातली कपार हवी. हॅडोनीला खोल वाळू. मॅग्निफिकाला उंचावरचा दगड आणि जोराचा प्रवाह. फिरत असेल तोवर पॉवरहेडच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावाच. पंपात ओढला गेलेला ॲनिमोन स्वतः तर मरतोच, पण तुकड्यांनी सगळं पाणी नासवतो. कोरल लावायच्या आधी ॲनिमोन आणणं शहाणपणाचं, कारण तो वाटेतल्या प्रत्येक कोरलला डंख मारत जातो.

हलवायचाच असेल तर पाय ओढू नका. कडेने प्लास्टिकचं पातळ कार्ड किंवा नख हळूहळू सरकवा. तळवा फाटला तर जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून फार थोडे वाचतात.

बबल (तंतूंच्या टोकांचे फुगे) गेले, तंतू लांब झाले.

आजार नाही. त्याच प्राण्यात दोन्ही रूपं येतात-जातात. रंग, तोंड आणि चिकटपणा ठीक असेल तर सोडून द्या.

माझे मासे खाईल का?

चपळ, निरोगी मासे बबल टिपला टाळतात. मँडरिन मासा, समुद्रघोडा, नवा घाबरलेला किंवा आजारी मासा सापडू शकतो. हॅडोनी कार्पेट मात्र खरा शिकारी आहे, त्याच्याबरोबर किमती लहान मासे ठेवू नका. माणसाच्या तळहातावर बबल टिप नुसता चिकट लागतो, पण मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर कार्पेटचा डंख चांगलाच उठतो. हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका.

भरवायला लागल्यापासून दगडांवर लहान तपकिरी ॲनिमोन उगवलेत. पिल्लं आहेत का?

पारदर्शक, टोकदार तंतूंचे असतील तर तो ॲइप्टेसिया, टँकमधलं तण. उरलेल्या खाद्यावर तो माजतो. चिमट्याने उपटू नका, राहिलेल्या कणाकणातून नवा उगवतो. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त ॲइप्टेसियाच खाते, हा सगळ्यात स्वच्छ उपाय. काही पेपरमिंट श्रिंपही खातात, सगळे नाहीत. आणि सांडणारं खाद्य कमी करा.

मेला की जिवंत आहे?

जिवंत आक्रसलेला ॲनिमोन हात लावला की ताठरतो. मेलेला विरघळू लागतो, बोट लावलं की अंग सुटून येतं, आणि वास असा येतो की शंका राहत नाही. शंका असताना थांबा, पण खात्री झाली की तासाभरात बाहेर काढा. मोठा ॲनिमोन कुजला तर एका रात्रीत अमोनिया वाढून मासे जातात. काढल्यावर पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन लावा.

तीन आठवडे बाहेरगावी जायचंय. कुणाला भरवायला सांगू?

सांगू नका. निरोगी ॲनिमोन तीन आठवडे घासाशिवाय सहज काढतो. शेजारी प्रेमाने भलामोठा तुकडा देतील हा धोका उपासापेक्षा मोठा आहे. शेजाऱ्यांना फक्त टॉप-ऑफच्या पाण्याची टाकी भरायला आणि लाइट लागतोय का ते बघायला सांगा. माशांचं खाद्य ऑटो फीडरवर सोपवा. परत आल्यावर लगेच मेजवानी नको, पहिला घास नेहमीपेक्षा लहान द्या.